निर्भय आणि अभय

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नाटकाच्या सातव्या अंकात एक लहान मुलगा रंगभूमीवर येतो. मारीच ऋषींच्या आश्रमात तो वाढत असतो. आईच्या अंगावर पीत असलेल्या सिंहाच्या छाव्याला त्याने ओढून आणलेले असते, आणि दात मोजण्यासाठी तो त्याला जबडा उघडावयास फर्मावीत असतो. आश्रमातील तापसी घाबरून जातात. छाव्याला सोडले नाही, तर सिंहीण धावून येईल, असे त्या परोपरीने सांगतात. मुलगा हसतो आणि छाव्याला अधिकच घट्ट धरतो. शेवटी त्याचे मन वळवण्यासाठी मातीचा रंगीत मोर आणावा लागतो. हा मुलगा म्हणजे दुष्यंत व शकुंतला यांचा पुत्र. आश्रमात त्याला सर्वदमन म्हणत असत. नाटकाच्या अखेरीस मारीच ऋषी या नावाविषयी मोठे अर्थपूर्ण भविष्य सांगतात. आज हा बालक प्राण्यांचे बळाने दमन करतो, म्हणून तो सर्वदमन आहे; पुढे तो लोकांचे भरण-पोषण करील, तेव्हा त्याला भरत म्हणतील.

या दोन नावांत धैर्याच्या दोन पायऱ्या दडलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर मूल स्वतः निर्भय होते. दुसऱ्या पायरीवर ते इतरांना अभय देऊ लागते. पहिली पायरी पुष्कळांना चढता येते. दुसरीवर पोहोचणारे थोडे असतात. वन्य प्राण्याच्या मैत्रीने मूल धीट होते, असे सांगतात. ते खोटे नाही. परंतु ही मैत्री मुलाला दुसऱ्या पायरीपर्यंत घेऊन गेली, तरच त्या धीटपणाला काही मोल आहे.

मूल व वन्य प्राणी यांच्या स्नेहाच्या कथा सर्वच देशांत आवडीने सांगितल्या जातात. सिवनीच्या रानात लांडग्यांच्या कळपात वाढलेला मोगली १८९४ साली रड्यार्ड किप्लिंग यांच्या पुस्तकातून जगापुढे आला, आणि तेव्हापासून तो सर्व मुलांचा सवंगडी होऊन बसला आहे. अशा कथांची एवढी गोडी का वाटते? मूल लहान असते. घरात, शाळेत, रस्त्यावर त्याच्याभोवती वावरणारी माणसे त्याच्याहून थोर व बळकट असतात. अशा मुलाला रानातल्या एखाद्या बलाढ्य प्राण्याने आपले म्हटले, तर त्या प्राण्याचे बळ आपल्याही अंगी आले, असे त्याला वाटू लागते. हा आनंद निर्मळ आहे. तथापि कथेतला प्राणी लेखकाच्या इच्छेने वागतो. रानातला प्राणी स्वतःच्या इच्छेने वागतो. म्हणून धैर्याचा खरा पाठ शिकावयाचा असेल, तर जी मुले खरोखर रानाजवळ वाढली, त्यांच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

जिम कॉर्बेट याचे बालपण असे रानाच्या कुशीत गेले. त्याचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम सहा वर्षांचाही झाला नव्हता, तोच ते वारले, आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. हिवाळ्यात हे कुटुंब डोंगराच्या पायथ्याशी कालाढुंगी या गावी येऊन राही. गावाभोवती दाट अरण्य होते. संध्याकाळी बोर नदीवरच्या जुन्या लाकडी पुलापाशी आठ ते अठरा वर्षे वयाची चौदा मुलेमुली जमत, आणि एक आयरिश तरुण त्यांना भुताखेतांच्या गोष्टी सांगे. रानात एक हडळ असते, ती किंचाळली की मोठे अनिष्ट घडते, ही त्यांपैकीच एक गोष्ट. ती ऐकून घरी जाताना मुलांच्या अंगावर काटा उभा राहात असे.

पुढे एकदा रानात एकटे हिंडत असता जिमच्या कानांवर ती किंकाळी खरोखरच आली. त्याची गाळण उडाली यात नवल नाही. परंतु हा आवाज आहे तरी कशाचा, हे कुतूहल त्याच्या मनातून जाईना. अखेर कुतूहलाने भीतीवर मात केली. दबकत दबकत तो आवाजाच्या रोखाने गेला, आणि पाहतो तो काय! एक झाड दुसऱ्या झाडावर कलले होते. वारा सुटला की दोन्ही झाडे एकमेकांवर घासत, आणि त्यातून ती भयंकर किंकाळी उमटे. जिला सारी मुले भीत होती, ती हडळ म्हणजे लाकडावर घासणारे लाकूड होते.

हा प्रसंग लहानसा आहे, पण मोठा बोधप्रद आहे. भीती अज्ञानावर पोसली जाते. जिमच्या मनातली भीती कोणाच्या उपदेशाने गेली नाही, की हातात शस्त्र आल्यानेही गेली नाही. चार पावले पुढे जाऊन नीट पाहिल्याने ती गेली. त्या दिवसापासून रानातील प्रत्येक खुणेचा अर्थ लावण्याचा छंद त्याला जडला. मोर का ओरडला, चितळाने धोक्याची हाक कोणाला पाहून दिली, वाळूत उमटलेला पंजा किती वेळापूर्वीचा, हे तो शिकत गेला. ज्या रानाची भाषा समजते, त्या रानात मनुष्य परका राहात नाही.

या शिक्षणाची परीक्षा एका वाघाने घेतली. जिमजवळ त्या वेळी एक जुनाट, ठासणीची बंदूक होती. काही रानकोंबड्यांच्या मागावर तो सरपटत एका झुडपापाशी गेला, आणि पलीकडे डोकावण्यासाठी उभा राहिला. तोच झुडूप हलले आणि आतून एक वाघ पलीकडच्या बाजूने बाहेर पडला. त्याने वळून मुलाकडे पाहिले. हा एवढासा पोरगा येथे काय करतो आहे, असा प्रश्न जणू त्याच्या चेहऱ्यावर होता. मग तो सावकाश चालत निघून गेला. त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

या भेटीत पराक्रम कोणी गाजवला? कोणीच नाही. मुलाने बंदूक उचलली नाही. वाघाने पंजा उचलला नाही. ज्याच्या एका फटकाऱ्याने मुलाचे प्राण गेले असते, त्याने आपले बळ वापरले नाही, एवढेच घडले. अभय म्हणजे काय, याचा पहिला धडा त्या मुलाला एका वाघाने दिला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे लहान वयातच तो रानात शेकोटी पेटवून रात्री एकटा निजत असे. वाघाच्या डरकाळीने जाग आली, तर शेकोटीत आणखी एक लाकूड सारून तो पुन्हा झोपी जाई. डिवचले नाही, तर वाघ आपल्या वाटेला जात नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक झाले होते. वाघ त्याने पाळला नाही, त्याच्या अंगावरून कधी हातही फिरवला नाही. तरीही त्या दोघांत जे होते, त्याला मैत्री हेच नाव शोभते. कारण तेथे एकाला दुसऱ्याची ओळख होती, आणि दोघांनाही आपापली वाट मोकळी होती.

मोठेपणी कॉर्बेट यांनी नरभक्षक वाघांची शिकार केली, हे सर्वांस ठाऊक आहे. १९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिने ४३६ माणसांचे प्राण घेतले होते, असे सांगतात. परंतु ती मरून पडल्यावर कॉर्बेट यांनी तिचे तोंड उघडून पाहिले. उजव्या बाजूचे वरचे व खालचे असे दोन्ही सुळे मोडलेले होते, आणि ते कोणाच्या तरी गोळीने मोडले होते. नेहमीचे सावज धरणे अशक्य झाले, म्हणून ती माणसांकडे वळली होती. दुष्ट म्हणून जिचा चोहोकडे धिक्कार झाला, ती माणसानेच जखमी केलेली होती. असे सत्य पाहावयास व लोकांना सांगावयासही धैर्य लागते. पुढे कॉर्बेट यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती धरला आणि वाघांची चलच्चित्रे घेतली. १९३६ साली भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान कुमाऊँच्या पायथ्याशी स्थापन झाले, त्या कामी त्यांचा हातभार होता. १९५५ साली ते निवर्तले. त्यानंतर त्या उद्यानाला त्यांचेच नाव देण्यात आले, आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाचा आरंभही तेथेच झाला. झुडपाआडच्या वाघाने मुलाला दिलेले अभय मुलाने मोठेपणी वाघाच्या साऱ्या कुळाला परत केले.

धैर्याची अशीच वाट एका मुलीनेही चोखाळली. जेन गुडाल यांचा जन्म १९३४ साली लंडन येथे झाला. जेन साडेचार वर्षांची असताना एका शेतावर पाहुणी गेली होती. एवढे मोठे अंडे कोंबडीच्या पोटातून कसे येते, हे कोणी तिला नीट सांगेना. मग ती खुराड्यात जाऊन गवतात लपून बसली. काही तास ती हलली नाही, बोलली नाही. घरची माणसे शोधून थकली, पोलिसांनाही वर्दी गेली. अखेर अंगभर गवत चिकटलेली जेन धावत आली. आईने तिचे चमकणारे डोळे पाहिले आणि रागावण्याऐवजी कोंबडी अंडे कसे घालते, त्याची सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली.

हीच मुलगी सव्वीस वर्षांची झाल्यावर, १९६० च्या जुलै महिन्यात, आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या काठी गोंबे येथील रानात चिंपांझींचा अभ्यास करावयास गेली. चिंपांझी म्हणजे बिनशेपटीचा, माणसाशी जवळचे नाते असलेला वानर. अंगाने तो माणसाहून कितीतरी बळकट असतो. तरीही कित्येक महिने असे घडले की, ही एकटी, निःशस्त्र तरुणी लांबून दिसली तरी चिंपांझी पळून जात. येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. वन्य प्राण्यापुढे आपण घाबरतो, एवढेच मुलांना ठाऊक असते. तो प्राणी आपल्याला घाबरतो, हे त्यांच्या गावीही नसते. जेनपुढे प्रश्न स्वतःच्या भीतीचा फारसा नव्हता. चिंपांझींची भीती कशी घालवावी, हा होता. तिने त्यांचा पाठलाग केला नाही. ती रोज त्याच रंगाचे साधे कपडे घालून टेकडीवर दिसेल अशी बसून राही. खुराड्यात शिकलेला धडा येथे उपयोगी पडला.

हळूहळू एका नर चिंपांझीची भीड चेपली. त्याची हनुवटी पांढुरक्या केसांची होती. जेनने त्याचे नाव डेव्हिड ग्रेबिअर्ड ठेवले. चिंपांझी गवताची काडी वारुळात घालून वाळवी बाहेर काढतो, म्हणजे हत्यार वापरतो, हा मोठा शोध याच डेव्हिडमुळे लागला. एके दिवशी जेनने एक फळ त्याच्यापुढे धरले. त्याला ते नको होते. त्याने ते घेतले, खाली टाकले, आणि तिचा हात आपल्या बोटांनी हळूच दाबला. धीर द्यावयाचा असला म्हणजे चिंपांझी एकमेकांना असाच स्पर्श करतात. भय दोन्ही बाजूंनी सरले होते. अशा मैत्रीत धैर्य दोघांनाही लागते, आणि दुबळ्या बाजूला ते अधिक लागते.

परंतु या मैत्रीलाही आपली मर्यादा शिकावी लागली. चिंपांझी जवळ यावेत म्हणून गोंबे येथे पुढे केळी ठेवू लागले, तेव्हा त्या केळ्यांवरून त्यांच्यात भांडणे माजली, आणि ती प्रथा मोडावी लागली. माणसाचे रोग त्यांना जडतात, हेही कळून आले. म्हणून आता तेथे जाणाऱ्यांनी चिंपांझींपासून दूर राहावे, असा नियम आहे. प्रेमाने पुढे केलेला हातही कधी कधी मागे घ्यावा लागतो. तो मागे घेणे हाही मैत्रीचाच भाग होय.

यावर कोणी म्हणेल, ‘या गोष्टी दूरच्या देशांतल्या व जुन्या काळातल्या आहेत. ज्यांच्या अंगणात बिबट्या येतो, त्या मुलांना मैत्रीचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा नव्हे काय?’ हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत मैलोगणती ऊस उभा असतो. त्या उसात बिबट्या राहतो आणि तेथेच पिलांना जन्म देतो. या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. त्यांत लहान मुलेही आहेत. ज्या घरावर असा प्रसंग ओढवला, त्या घरातील भीतीला अज्ञान म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तेथील मुलांना धैर्य हवे आहे, हे मात्र खरे. ते कोणत्या प्रकारचे असावे? बिबट्या दिसताच काठ्या-दगड घेऊन धावणाऱ्या जमावाचे धैर्य तेथे कामाचे नाही. गोंधळलेला, कोंडीत सापडलेला प्राणी अधिकच घातक होतो. त्याच्याजवळ जाऊन मोबाइलवर छायाचित्र काढण्याची हौस हे तर धैर्यच नव्हे, तो निव्वळ अविचार आहे. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर न जाणे, जावे लागलेच तर मोठ्यांच्या सोबतीने, हातात विजेरी घेऊन, मोठ्याने बोलत जाणे, उसाच्या कडेला ओणवे न बसणे, प्राणी समोर आलाच तर पाठ फिरवून न पळणे, या साध्या गोष्टी पाळावयास मन शांत असावे लागते. मन शांत ठेवण्याचे बळ प्राण्याच्या ओळखीतून येते. भित्रा मनुष्य या गोष्टी विसरतो आणि उन्मत्त मनुष्य त्या जुमानीत नाही. ज्याला प्राण्याची रीत ठाऊक आहे, तोच त्या पाळतो.

याच शिवारात धैर्याचा आणखी एक प्रकार पाहावयास मिळतो. ऊसतोडणी चालू झाली की कधी कधी सरीमध्ये बिबट्याची इवलीशी पिले सापडतात. ती मांजराच्या पिलांसारखी गोजिरवाणी दिसतात. ती उचलून घरी न्यावीत, दूध पाजावे, असे कोणत्या मुलाला वाटणार नाही? परंतु पिले नाहीशी झालेली पाहून त्यांची आई रात्री शोध घेत वस्तीपर्यंत येते आणि चवताळते. म्हणून जाणती माणसे पिलांना हात लावीत नाहीत. काम थांबवून वनखात्याला कळवतात. जुन्नरजवळच्या माणिकडोह येथे बिबट्यांसाठी एक केंद्र आहे. तेथील पशुवैद्य पिलांची तपासणी करतात, आणि अंधार पडण्याच्या सुमारास पिले जेथे सापडली तेथेच खोक्यात ठेवली जातात. सारे लोक दूर सरतात. रात्री मादी येते आणि एकेका पिलाला तोंडात धरून घेऊन जाते. अशा रीतीने पुष्कळ पिले आपल्या आयांना परत मिळाली आहेत.

सर्वदमनाने छाव्याला आईपासून ओढून आणले होते. उसातले पिलू पाहून ज्या मुलाचा हात पुढे होतो आणि मग आपणहून मागे येतो, ते मूल दुसऱ्या पायरीवर उभे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने बिबट्यासारखे प्राणी धरणे व पाळणे हा गुन्हा ठरवला आहे. कायदा मनाई करतो, ही गोष्ट मुलांनी ध्यानात ठेवावीच; पण आईचे पिलू आईजवळ राहावे, हे समजण्यासाठी कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही.

महाराष्ट्रातील डोंगरवस्तीला हा विचार नवा नाही. सह्याद्रीत ठिकठिकाणी वाघोबाचे ठाणे असते. जुन्नर, अकोले या बाजूंच्या आदिवासी वाड्यांवर दिवाळीच्या प्रारंभी वाघबारस पाळली जाते, आणि गुरावासरांचे व माणसांचे रक्षण व्हावे म्हणून वाघोबाची प्रार्थना केली जाते. त्या लोकांनी वाघाला कधी लाडके खेळणे मानले नाही, आणि त्याचे नाव पुसून टाकावे असेही त्यांना वाटले नाही. तो थोर आहे, धोक्याचा आहे आणि शेजारी आहे, ही तिन्ही सत्ये त्यांनी एकाच वेळी मनात बाळगली. भीती अजिबात न वाटणे याला धैर्य म्हणत नाहीत. भीतीसह नीट वागता येणे, यालाच धैर्य म्हणतात.

सर्वच मुलांच्या दारी वाघ-बिबट्या येत नाहीत. पण घराच्या वळचणीला घुबड बसते, कुंपणातून साप निघतो, आंब्यावर माकडे उतरतात. त्या वेळी पहिला दगड कोणी तरी उचलतोच. त्या घोळक्यात एखादे मूल पुढे होऊन म्हणते, ‘मारू नका. दूर उभे राहा, आणि मोठ्यांना बोलवा.’ दगड उचलावयास धैर्य लागत नाही, कारण सगळ्यांनी तोच उचललेला असतो. चारचौघांत असे बोलावयास मात्र लागते. असे एकदा बोललेले मूल शाळेच्या पटांगणात एखाद्या दुबळ्या सोबत्याची सगळे मिळून टर उडवीत असता गप्प बसत नाही. ते जाऊन त्या सोबत्याच्या शेजारी उभे राहते, आणि त्याचीही भीती थोडी ओसरते.